ठिगळांच्या फॅशनमागची थंडी

फाटलेल्या जीन्सच्या गुडघ्याला आतून निळा तुकडा लावायचा, वरून जाड पांढऱ्या दोऱ्याने धावदोऱ्याच्या रांगा घालायच्या आणि ते ठिगळ लपवायचं नाही, मुद्दाम दिसू द्यायचं. ही पद्धत आता जगभर पसरली आहे. ‘साशिको’ (धावदोऱ्याची शिवण) आणि ‘बोरो’ (ठिगळांवर ठिगळं लावलेलं कापड) या नावांनी तिच्या सुया, दोरे, नक्षी छापलेलं कापड असं सगळं ऑनलाइन मिळतं. नावं जपानी आहेत, पण क्योतोच्या रेशमी किमोनोंशी त्यांचं काही नातं नाही. इथे सांगतोय ती परंपरा वाढली ती होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आजच्या आओमोरी प्रांतातल्या त्सुगारू आणि नांबू या भागांत, शेतकरी बायकांच्या हातून.

तिथल्या हिवाळ्यात बर्फाचे ढीग साचतात. कापसाला लागणारी ऊब त्या मातीला मिळत नाही. जपानमध्ये कापूस 15व्या-16व्या शतकात रुजला तो पश्चिमेच्या उबदार पट्ट्यात, ओसाकाच्या आसपास. उत्तरेकडे हाताशी होतं ते भांगेच्या जातीचं झाड. त्याच्या खोडाचा वाख सोलायचा, धागा काढायचा, मागावर कापड विणायचं, निळीत रंगवायचं. हे कापड दणकट असतं, पण वीण विरळ असल्यामुळे वारा आरपार जातो. उन्हाळ्यात ते छान, मात्र बर्फात उभं राहून काम करायला अगदीच अपुरं.

त्यात 1724 साली त्सुगारू संस्थानाने काटकसरीचे नियम काढून शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी केली. म्हणजे एकीकडे हवामान आणि दुसरीकडे हुकूम. बायकांनी यातून जी वाट काढली तिला मी निव्वळ हुशारी मानतो. विरळ कापडाची भोकंच त्यांनी टाक्यांनी बुजवून टाकली. आधी वाखाच्याच दोऱ्याने, पुढे सूत मिळू लागलं तसं पांढऱ्या सुताने. खांद्यावर, छातीवर, पाठीवर आडव्या टाक्यांच्या इतक्या दाट रांगा घातल्या की एक थर दोन थरांइतका ऊबदार झाला आणि ओझ्याखाली झिजणारे खांदेही टिकले. साशिकोच्या या प्रकारालाच ‘कोगिन’ म्हणतात.

आता ऊब हाच हेतू असता तर सरळ रांगा पुरे होत्या. पण त्यांनी कापडाचे धागे मोजले. एक, तीन, पाच अशा विषम संख्येवर सुई वर काढत गेलं की उभट शंकरपाळे उमटतात. शेजारच्या नांबूत सम संख्या धरायचे, तिथले शंकरपाळे आडवे पसरतात. छोट्या नक्षींना घरगुती नावं होती: दाणा, फूल, मांजराचा डोळा, माशाचे खवले. या नक्षी एकमेकींत गुंफून पूर्ण छाती भरायची. 18व्या शतकाच्या अखेरीस त्सुगारूचं लोकजीवन चितारणाऱ्या एका संस्थानी नोकराने या कपड्यांचं चित्र काढून, हे काम फार देखणं आहे आणि बायका-पुरुष दोघंही ते घालतात, अशी नोंद करून ठेवली. म्हणजे सौंदर्य त्यांना हवंच होतं. गरिबीतून आपोआप कला जन्मली, असं सांगणारे लेख मला म्हणूनच पटत नाहीत.

बोरोची गोष्ट वेगळी आहे, आणि आजच्या फॅशनमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते ती खटकते. बोरो म्हणजे चिंध्या. त्या उत्तरेला यायच्या जहाजांनी. ‘कितामाएबुने’ नावाची व्यापारी जहाजं ओसाकाहून निघून जपानच्या पश्चिम किनाऱ्याने थेट होक्काइदोपर्यंत जायची. जाताना त्यांत मीठ, साखर, साके आणि पश्चिमेकडच्या लोकांनी वापरून टाकलेले सुती कपडे असायचे. परतताना हेरिंग माशाचं खत यायचं, आणि ते खत पश्चिमेच्या कापसाच्या आणि निळीच्या शेतांत पडायचं. उत्तरेच्या माशांवर कापूस पोसायचा आणि तोच कापूस जीर्ण होऊन उत्तरेला पोचायचा. या व्यापाराचा हा फेरा मला साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग वाटतो.

अशा देशात चिंधीलाही मोल होतं. कडधान्याचे तीन दाणे बांधता येतील इतका तुकडा असेल तर तो टाकू नये, अशी जपानी म्हणच आहे. मिळालेले तुकडे एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे, जिथे विरेल तिथे नवा तुकडा, त्यावर पुन्हा टाके. अशाने आजीच्या अंगरख्यावर आई आणि आईच्या अंगरख्यावर मुलगी काम करत राहायची. ‘दोन्जा’ नावाचे झोपायचे अंगरखे तर इतके जाड व्हायचे की काहींचं वजन 10 किलोहून अधिक भरतं. थरांच्या मध्ये वाखाचा भुसाही भरायचे. ज्या चिंध्या शिवायच्याही उरल्या नाहीत, त्यांच्या पट्ट्या फाडून त्या बाण्यात घालून पुन्हा जाड कापड विणायचं. त्याला ‘साकिओरी’ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने गोधडीत बांधणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे काम पाहताच उमगेल.

साशिको ही टाक्याची रीत मात्र साऱ्या जपानभर होती. एदो (आजचं तोक्यो) शहरातले अग्निशामक अनेक थरांचे, साशिकोने घट्ट शिवलेले अंगरखे घालून ते पाण्यात भिजवून आगीत शिरायचे. त्यांच्या आतल्या बाजूला ड्रॅगन किंवा वीरपुरुष रंगवलेले असायचे आणि आग विझली की अंगरखा उलटा करून तेच चित्र मिरवत परत जायचे. जुदोच्या जाड अंगरख्याचं दाणेदार कापड याच घराण्यातलं, फक्त ते आता मागावर विणतात.

1891 मध्ये रेल्वे आओमोरीला पोचली आणि तयार सुती माल गावोगाव जाऊ लागला. तेव्हा जपानी गिरण्यांना लागणारा कच्चा कापूस भारतातूनही जात होता. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या पाठिंब्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने कोबे–मुंबई जहाजसेवा सुरू केली, ती याच कापसासाठी. त्या काळी मुंबई बंदरातून निघणाऱ्या कापसात वऱ्हाड-खानदेशचा माल मोठा होता. स्वस्त सुती कापड दारात आल्यावर धागे मोजत रात्री जागवायची गरजच उरली नाही. एका पिढीत कोगिन मागे पडलं.

ते विस्मरणातून बाहेर काढलं यानागी सोएत्सू यांच्या लोककला चळवळीने. 1932 मध्ये त्यांच्या ‘कोगेई’ मासिकाने कोगिनला जागा दिली, त्सुगारूच्या अनाम बायकांना दाद दिली, आणि त्सुगारूतल्या हिरोसाकी शहरात या कामाच्या जतनाला सुरुवात झाली. बोरोच्या वाट्याला मात्र एवढंही आलं नाही. ठिगळं म्हणजे दारिद्र्याची खूण. जपान श्रीमंत होत गेला तशी घराघरांतून ती जाळली, लपवली गेली. तानाका चूझाबुरो (1933–2013) हे आओमोरीचेच लोकजीवनाचे अभ्यासक गावं पालथी घालून, लाजेने नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलून ती गोळा करत राहिले. त्यांच्या संग्रहातले 786 साशिको कपडे 1983 मध्ये सरकारने महत्त्वाचा लोकसांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. 2009 मध्ये तोक्योच्या असाकुसा भागात अम्यूज संग्रहालय उघडलं आणि तिथे ही ठिगळं जगाला पाहायला मिळाली. 2019 मध्ये ते बंद झालं.

दरम्यान फॅशनची नजरही बदलली होती. 1980 च्या दशकारंभी पॅरिसमध्ये कावाकुबो रेई आणि यामामोतो योहजी या जपानी फॅशन डिझायनरांचे भोकं पडलेले, कडा सुटलेले काळे कपडे पाहून समीक्षक बिथरले होते. त्या कपड्यांचा बोरोशी थेट संबंध जोडायला मी धजणार नाही, पण फाटकं कापड पाहायचं कसं हे त्यांनी अनेकांना शिकवलं. पुढे जपानी जीन्सचं माहेर असलेल्या ओकायामातल्या कोजिमा भागात ठिगळांचे नवे कपडे महागड्या किमतीला विकले जाऊ लागले. मुद्दाम जुनं केलेलं हे कापड मला आवडत नाही. खरं बोरो झिजेच्या जागी असतं, नक्षीच्या सोयीने नाही.

घरी करून पाहणाऱ्याने म्हणूनच झीज कुठे आहे ते आधी पाहावं. ठिगळाचा तुकडा धुऊन आटवून घ्यावा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आकसून जीन्सला चुण्या पाडतो. ठिगळ भोकापेक्षा चांगलं दोन बोटं मोठं असावं, कारण भोवतालचं कापडही विरलेलं असतं. दोरा सैल पिळाचा सुती, सुई लांब. एका दमात सुईवर चार-सहा टाके गोळा करून मगच ओढायचे. वरचा टाका खालच्या अंतरापेक्षा किंचित मोठा ठेवायचा. रांग वळताना दोरा थोडा ढिला सोडायचा, म्हणजे कापड ताणलं तरी टाका तुटत नाही.

इवाते प्रांतातल्या ओत्सुची गावात 2011 च्या त्सुनामीनंतर निवारा केंद्रांतल्या बायकांना करायला काहीच काम नव्हतं. लहान जागेत, सुई-दोरा आणि कापडाच्या तुकड्यावर होईल असं काम म्हणून तिथे साशिको सुरू झालं. तो उपक्रम पुढेही टिकला आणि त्या बायकांच्या शिवणीला मोबदला मिळत राहिला.