पडलेल्या झाडाचा हिशेब: जंगलाच्या संगणकीय मॉडेलांची पार्श्वभूमी

जंगलाचं भविष्य मांडायची पहिली साधनं कागदावरची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीला जर्मन प्रांतांत उत्पादन कोष्टकं तयार होऊ लागली. अमुक प्रतीच्या जमिनीवर स्प्रूस हे सूचीपर्णी झाड लावलं, तर चाळिसाव्या वर्षी किती लाकूड उभं असेल आणि ऐंशीव्या वर्षी किती, असा तो तक्ता. तोड वाढीच्या मापानेच व्हावी, हा विचार सॅक्सनीच्या खाणींचा कारभार बघणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्येच मांडला होता. खाणींना आणि भट्ट्यांना लागणारं लाकूड आटत चाललं होतं, म्हणून. कोष्टकांनी त्या विचाराला आकडे दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यातून आदर्श जंगलाची कल्पना उभी राहिली. लागवडीपासून तोडीपर्यंतचं आवर्तन शंभर वर्षांचं असेल, तर जंगलाचे शंभर सारखे कूप, म्हणजे तोडीचे भाग, पाडायचे, प्रत्येक कूपात एकेका वयाची झाडं ठेवायची, दर वर्षी सर्वांत जुना कूप तोडायचा आणि तिथे लगेच नवी लागवड करायची.

या मांडणीत वादळाला, वणव्याला, किडीला रकाना नव्हता. पडलं, जळलं, किडलं ते नुकसान, आणि नुकसान म्हणजे आयोजनेबाहेरची गोष्ट. आज वनव्यवस्थापनात वापरल्या जाणाऱ्या, जंगल संगणकावर चालवून बघणाऱ्या सिम्युलेशन मॉडेलांचा इतिहास वाचताना मला सगळ्याच्या मुळाशी हा न आखलेला रकाना दिसतो. अभ्यासक ज्यांना जंगलावरचे आघात म्हणतात, त्यांना हिशेबात घ्यायला फार उशीर झाला. तो कसा झाला आणि शेवटी कसा संपला, हे सांगण्यासारखं आहे.

अमेरिकेत या उशिराला एक तारीखही देता येते. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो आणि माँटाना भागात सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं आणि किमान ८५ माणसं गेली. त्यांतले बहुतेक जण आग विझवायला गेलेले होते. तिथली वनसेवा तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती आणि हा घाव तिच्या जिव्हारी लागला. १९३५ मध्ये नियमच झाला, की कुठेही आग दिसली तरी ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. माणसं गमावलेल्या खात्याने असा नियम करावा, हे समजू शकतं. पण प्रत्येक आग विझवत राहिलं, तर पन्नास वर्षांनी जंगल कसं दिसेल, हा प्रश्न विचारायचं साधनच कोणाकडे नव्हतं. कोष्टकं त्याबद्दल मुकी होती.

प्रश्न विचारायची रीत आली वनस्पतिशास्त्रातून. ए. एस. वॉट या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये असं मांडलं, की जंगल हे वेगवेगळ्या अवस्थांतल्या तुकड्यांची गोधडी असते. एक जुनं झाड पडतं, तिथे पोकळी होते, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, रोपं उठतात, त्यांच्यात चढाओढ होते, एखादं वर निघतं, म्हातारं होतं, पडतं. पोकळी भरते तोवर दुसरीकडे नवी झालेली असते. पडणं हा बिघाड नसून जंगलाचं रोजचं काम आहे, असा त्याचा अर्थ. मात्र हे सगळं शब्दांत होतं. शेकडो तुकड्यांचा शेकडो वर्षांचा हिशेब हाताने कोण मांडणार?

तो संगणकाने मांडला, १९७२ मध्ये. डॅनियल बॉटकिन, जेम्स जनाक आणि जेम्स वॉलिस या तिघांनी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक प्रायोगिक जंगलासाठी एक मॉडेल लिहिलं. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव ठेवलं ‘जाबोवा’. या मॉडेलच्या आत काय चालतं, ते जवळून बघू, कारण पुढच्या पन्नास वर्षांतली कितीतरी मॉडेलं त्याच्याच वंशातली आहेत.

दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद एवढाच जमिनीचा तुकडा घ्यायचा. त्यावरच्या प्रत्येक झाडाची जात आणि खोडाचा व्यास नोंदवायचा. मग एकेक वर्ष पुढे सरकायचं. उंच झाडांची सावली किती, त्यावरून खालच्याला किती ऊन मिळेल ते ठरतं, आणि ऊन, उब, पाणी, दाटी यांवरून त्या वर्षीची वाढ. मरणासाठी दोन साधे नियम. पहिला, कुठलंही झाड कधीही मरू शकतं, पण शक्यता अशी बेतलेली, की त्या जातीच्या कमाल वयापर्यंत शंभरातली दोनच पोचावीत. दुसरा, वाढ खुंटलेलं झाड सलग दहा वर्षं तसंच राहिलं, तर जगण्याची शक्यता शंभरात एक. संगणक फासे टाकतो. एक मोठा शुगर मेपल जातो आणि पुढच्याच वर्षी त्या तुकड्यावर उन्हाला हपापलेल्या जातींची रोपं उठतात. सावलीत तग धरणाऱ्या जाती त्यांच्याखाली निमूट वाट बघत राहतात आणि काही दशकांनी वरचढ होतात. एका तुकड्याची गोष्ट एकदा चालवली तर ती लहरी वाटते. तीच शेकडो वेळा चालवून सरासरी काढली, की वॉटने वर्णन केलेलं जंगल आकड्यांत उभं राहतं.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मृत्यूला इथे समीकरणात जागा मिळाली. शिवाय जे घडलं नाही तेही चालवून बघता येऊ लागलं. १९७७ मध्ये हँक शुगार्ट आणि डॅरेल वेस्ट यांनी याच धाटणीचं ‘फोरेट’ हे मॉडेल अॅपलाचियन डोंगररांगांतल्या जंगलासाठी केलं. तिथला अमेरिकन चेस्टनट एका परक्या बुरशीने संपवला होता. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात ती पहिल्यांदा लक्षात आली आणि शतकाच्या मध्यापर्यंत कोट्यवधी झाडं गेली. शुगार्ट आणि वेस्ट यांनी जंगल चेस्टनटसह चालवलं, चेस्टनट काढून चालवलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. प्रत्यक्षात असा प्रयोग करायला कोणाला दोन शतकं मिळाली असती?

कॅनडात त्याच दशकात दोन वेगळ्या दिशांनी विचार चालला होता. न्यू ब्रन्सविक प्रांतात बाल्सम फर झाडांवर दर तीसचाळीस वर्षांनी स्प्रूस बडवर्म या अळीची लाट येते. १९५२ पासून तिथे विमानांतून कीटकनाशक फवारणी सुरू झाली. झाडं वाचली, कागद गिरण्या चालू राहिल्या, पण अळी काही जाईना. परिसंस्थांचे अभ्यासक सी. एस. हॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांची वाढ, पानांचा साठा, अळी आणि अळी खाणारे पक्षी यांचा मेळ घालणारं मॉडेल केलं, तेव्हा कोडं उलगडलं. जंगल कोवळं असताना पक्षी अळीला काबूत ठेवतात. पानोरा दाट झाला, की अळ्या पक्ष्यांच्या आवाक्याबाहेर जातात आणि लाट उसळते. एरवी ती लाट आपलं अन्न संपवून स्वतःच ओसरते. फवारणीने पानं वाचत होती, म्हणजेच अळीचं ताटही भरलेलं राहत होतं. लाट मोडत नव्हती, लांबत होती. हॉलिंग यांची १९७३ ची ‘सोसून पुन्हा उभं राहण्याच्या ताकदी’ची कल्पना आज सगळीकडे वापरली जाते. तिला अशा कामाचा आधार होता, हे विसरलं जातं.

दुसरी दिशा सी. ई. व्हॅन वॅग्नर यांची. त्यांचा १९७८ चा निबंध छोटा आहे आणि त्यातलं गणित आपण कागदावर करू शकतो. समजा, दर वर्षी जंगलाचा एक टक्का भाग जळतो, म्हणजे शंभर वर्षांत जंगलाच्या क्षेत्राएवढी जमीन जळून निघते. पण आग वय विचारून येत नाही. काही भाग दोनदा जळतो, काही एकदाही नाही. एका वर्षी वाचायची शक्यता ९९ टक्के, म्हणून सलग शंभर वर्षं वाचायची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, साधारण ३७ टक्के. दोनशे वर्षं वाचलेला भागही १३ टक्क्यांच्या आसपास निघतो. आता आदर्श जंगलाकडे वळा. शंभर वर्षांच्या आवर्तनात शंभरीपुढचं झाड एकही नाही. आग आणि कुऱ्हाड दोन्ही सरासरीने एक टक्काच घेतात, पण आगीच्या जंगलात तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग म्हातारा असतो आणि कुऱ्हाडीच्या जंगलात शून्य. जुन्या खोडांच्या ढोलीत राहणारे जीव कुठे गेले, याचं उत्तर या एका वजाबाकीत आहे. पुढे क्वेबेकमध्ये इव्ह बर्जरॉन आणि सहकाऱ्यांनी यावरूनच सुचवलं, की जंगलाचा काही भाग सरसकट तोडावा, काही भागात अर्धवट तोड करावी आणि काही भागात निवडक झाडंच काढावीत, म्हणजे वयांची मिसळ आगीने ठेवली असती तशी राहील.

आता एका तुकड्यावरून सगळ्या मुलुखावर जायचं होतं. वणवा कसा पसरतो याचं गणित रिचर्ड रॉदरमेल यांनी माँटानातल्या मिझुलाच्या अग्निशास्त्र प्रयोगशाळेत १९७२ मध्येच बसवलं होतं. इंधन किती आणि किती ओलं, वारा किती, चढ किती, यांवरून ज्वाळेचा वेग काढता येत होता. मग १९८८ च्या उन्हाळ्यात यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या घेऱ्यात आला. टीव्हीवर ते बघून उद्यान संपलं असं लोक म्हणाले. प्रत्यक्षात जळालेला भाग सलग नव्हता, मध्ये हिरवे ठिपके होते. लॉजपोल पाइनचे राळेने चिकटलेले शंकू आगीच्या उष्णतेने उघडले आणि राखेत बियांचा सडा पडला. मोनिका टर्नर यांच्यासारखे अभ्यासक तेव्हा चौकटी आखलेल्या कल्पित नकाशांवर आघात कसा पसरतो ते तपासत होते. अशा नकाशावर पेट घेऊ शकणारे चौकोन कुठेही विखुरले आणि शेजारचा चौकोन फक्त चार बाजूंनीच पेटतो असं धरलं, तर त्यांचं प्रमाण ५९ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत आग कुठेतरी अडते. ते ओलांडलं, की ती या टोकाकडून त्या टोकाला जाऊ शकते. जाळरेषा (आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) किंवा विरळणी (मधली काही झाडं काढणं) कुठे केली तर आगीची वाट तुटेल, हा प्रश्न पुढे अशाच मांडणीतून मॉडेलवर तपासला जाऊ लागला. नव्वदच्या दशकात डेव्हिड म्लॅडेनॉफ आणि हाँग हे यांचं ‘लँडिस’ आलं. त्यात प्रत्येक चौकोनात कोणत्या जातीची कोणत्या वयाची झाडं आहेत, एवढंच लक्षात ठेवलं जायचं. त्यामुळे लाखो चौकोनांवर वारा, आग, तोड आणि बीजप्रसार एकत्र चालवता आले.

मॉडेल चुकतं तेव्हा काय होतं, याचं प्रामाणिक उदाहरण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं आहे. तांदळाच्या दाण्याएवढा माउंटन पाइन भुंगेरा सालीखाली शिरून पाइन मारतो. त्याला आवरणारी मुख्य गोष्ट म्हणजे उणे चाळीस अंशांच्या आसपासची थंडी, आणि हिवाळे सौम्य झाले होते. शिवाय अनेक दशकं आगी विझवल्यामुळे भुंगेऱ्याला आवडणारी पोक्त पाइन झाडं विसाव्या शतकात सुमारे तिप्पट झाली होती, असं आधीची स्थिती मॉडेलने मागे नेऊन काढल्यावर दिसलं. १९३५ सारख्या नियमांचं बिल इथे आलं. प्रांताचं वनखातं दर वर्षी अंदाज काढू लागलं. सुरुवातीला वाटलं, की २०१३ पर्यंत व्यापारी पाइनपैकी ८० टक्के मरेल. त्यावर विसंबून तोडीची मर्यादा वाढवली गेली. पुढे हवाई पाहणीचे आकडे येत गेले तसा अंदाज दर वर्षी खाली आला आणि साठ टक्क्यांच्या आत स्थिरावला. भुंगेरा मिश्र जंगलात पोचल्यावर मंदावला होता. चुकीचा आकडा झाकून न ठेवता दर वर्षी उघडपणे दुरुस्त केला गेला, याचं मला कौतुक आहे. पण वाढीव तोड होऊन गेली होती, हेही खरं. याच संकटावर वेर्नर कुर्झ यांनी २००८ मध्ये दाखवलं, की २००० ते २०२० या काळात त्या जंगलातून सुमारे २७ कोटी टन कार्बनची तूट येईल. कार्बन शोषणारं जंगल कार्बन सोडणारं झालं होतं.

युरोपात धडा वाऱ्याने दिला. २६ डिसेंबर १९९९ चं लोथार आणि पाठोपाठचं मार्टिन या दोन वादळांनी मिळून सुमारे २० कोटी घनमीटर लाकूड आडवं केलं. त्या सुमारास ब्रिटन आणि फिनलंडमध्ये वाऱ्याची मॉडेलं तयार होत होती. त्यांच्यासाठी माणसांनी जंगलात जाऊन उभ्या झाडांना दोर बांधले आणि यंत्राने ओढून, मूळ किती जोराला सुटतं ते मोजलं. नुकतीच विरळणी झालेला भाग वाऱ्याला जास्त उघडा पडतो, हे वनाधिकाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. आता किती जास्त, ते सांगता येऊ लागलं. पण वादळ एकटं येत नाही. आडव्या पडलेल्या स्प्रूसला राळ सोडून प्रतिकार करता येत नाही, त्यात सालीतले भुंगेरे वाढतात आणि संख्या पुरेशी झाली की उभ्या निरोगी झाडांवर जातात. उन्हाळा लांबला तर वर्षात एक पिढी जास्त होते. रुपर्ट झायडल आणि वेर्नर राम्मर यांचं २०१२ मधलं ‘आयलँड’ हे मॉडेल या साखळीसाठीच महत्त्वाचं. त्यात प्रत्येक झाड वेगळं मोजलं जातं. एक झाड पडलं की शेजारच्यावर वारा किती वाढला हे पुन्हा काढलं जातं, आणि वारा, भुंगेरा, आग एकमेकांना वाट करून देतात.

हेच मॉडेल यलोस्टोनमध्ये नेलं गेलं. २०१६ मध्ये तिथे १९८८ नंतर उगवलेलं, अवघं २८ वर्षांचं जंगल पुन्हा जळालं. झाडांवर शंकूंचा साठा पुरेसा झाला नव्हता. टर्नर आणि सहकाऱ्यांनी जमिनीवर रोपं मोजली, तेव्हा ती आधीच्या आगीनंतरच्या मानाने सुमारे सहापट कमी निघाली. खोडं आणि ओंडके इतके पूर्ण जळाले होते, की काही ठिकाणी राखेवर त्यांच्या नुसत्या पांढुरक्या सावल्या उरल्या होत्या. तिथून पुढे मॉडेल चालवलं. जळून गेलेला कार्बन त्या जमिनीवर परत साठायला दीडशेहून जास्त वर्षं लागतील, असं उत्तर आलं, आणि तेही मध्ये आणखी एकही आग लागली नाही असं धरून.