कॉन्फेडरेट सैनिकांचा गणवेश आणि युद्धखेळातील लघुमूर्ती

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) गुलामगिरी राखण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या सैनिकांचा पोशाख. मुंबईच्या कापूसबाजारात प्रचंड तेजी आली ती याच युद्धामुळे. टेबलावर मांडल्या जाणाऱ्या युद्धखेळांसाठी १५ किंवा २८ मिमी आकाराच्या मूर्ती रंगवणाऱ्यांना या पोशाखाचा बारकाईने अभ्यास करावा लागतो. ‘दक्षिणेचा शिपाई म्हणजे करडा रंग’ एवढ्यावर भागत नाही. तुकडी कोणती, लढाई कोणत्या महिन्यातली आणि कपडे कोणत्या डेपोतून (सरकारी कपडे-कोठारातून) आले, हे ठरल्याशिवाय ब्रश हातात घेण्यात अर्थ नाही.

जून १८६१ च्या नियमावलीत दुहेरी बटणांचा करडा लांब कोट आणि आकाशी पँट सांगितली होती. कॉलर आणि मनगटपट्टी पायदळाला फिकट निळी, तोफखान्याला लाल, घोडदळाला पिवळी. साध्या शिपायाच्या अंगावर हा कोट क्वचितच चढला. अधिकारी स्वतःच्या पैशाने कपडे शिवून घेत, त्यामुळे ते नियमाच्या बरेच जवळ असत. बाहीवर सोनेरी गोफाची नक्षी आणि कॉलरवर हुद्द्याची खूण असे : कॅप्टनला तीन आडव्या पट्ट्या, मेजरला एक तारा, कर्नलला तीन. जनरलच्या ताऱ्यांभोवती पानांचे वेटोळे असे. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली मात्र बहुधा कर्नलचे तीन साधे तारेच लावत.

सुरुवातीला सरकार कपडे देत नसे, कपड्यांचे पैसे देई. कंपनी आपल्या गावात, आपल्या पसंतीचे कपडे शिवून घेई. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या लढाया रंगवायला सर्वांत अवघड आणि सर्वांत आनंदाच्या. २१ जुलै १८६१ रोजी मनॅससच्या लढाईत व्हर्जिनियाच्या ३३ व्या रेजिमेंटमधील निळे कपडे पाहून उत्तरेचे तोफची फसले आणि तोफा गमावून बसले. त्याच दिवशी करडे कपडे घातलेल्या उत्तरेकडील विस्कॉन्सिनच्या दुसऱ्या रेजिमेंटवर तिच्याच बाजूने गोळ्या झाडल्या. लुइझियानाच्या ‘टायगर रायफल्स’ कंपनीच्या ढगळ पँट गादीच्या पट्टेरी कापडाच्या होत्या. एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत टेक्ससची दुसरी रेजिमेंट न रंगवलेल्या पांढुरक्या लोकरी कपड्यांत लढली. कफनातली माणसे चालून आली, असे समोरच्यांना वाटले.

ऑक्टोबर १८६२ मध्ये कायद्याने पैसे देण्याची पद्धत बंद झाली आणि कपडे पुरवण्याची जबाबदारी सरकारने घेतली. रिचमंड, कोलंबस, अटलांटा अशा ठिकाणच्या डेपोंत कापड बेतले जाई आणि स्त्रिया ते नगावर मजुरी घेऊन घरी शिवत. प्रत्येक डेपोचा बेत वेगळा असे आणि रंगवणाऱ्याला खरा धागा इथे सापडतो. लीच्या सैन्यात १८६३ मध्ये सर्रास दिसणारे रिचमंडचे जॅकेट आखूड, नऊ बटणांचे, खांदपट्ट्यांचे आणि किनारीविना असे. पश्चिमेकडच्या सैन्याला मिळणाऱ्या कोलंबसच्या जॅकेटची कॉलर आणि मनगटपट्टी गडद निळी असे. उत्तर कॅरोलायनाने आपल्या सैनिकांची सोय स्वतःच केली; तिथल्या सुरुवातीच्या कोटांवर पायदळासाठी खांद्याला काळी पट्टी असे. माल घाऊक येत असल्याने एका रेजिमेंटमध्ये जॅकेटे पुष्कळदा एकसारखी दिसत. पँट, हॅट आणि पाठीवरचे सामान मात्र ज्याचे त्याचे.

कापड बहुधा जीनचे : उभा धागा सुती, आडवा लोकरी. आतले अस्तर मांजरपाटासारख्या जाडसर सुती कापडाचे. युद्धापूर्वी असेच भरड कापड गुलामांच्या कपड्यांसाठी मळ्यांवर जात असे, आणि त्यातला कापूसही गुलामांनीच वेचलेला असे. लाकडापासून काढलेले रंग हिराकशीने पक्के करत, तरी ते उन्हात टिकत नसत. डेपोतून करडे निघालेले जॅकेट काही महिन्यांत बदामी होई. घरगुती कापड मुळातच अक्रोडाच्या जातीच्या बटरनट झाडाच्या सालीने तपकिरी रंगवलेले असे. संग्रहालयातील आजचे तपकिरी जॅकेट पाहून थेट तसाच रंग मिसळू नये. शिवणीच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन पोचले नाही, तिथे मूळ करडा रंग अनेकदा शिल्लक असतो. मूर्तींच्या एका गटात स्वच्छ करड्यापासून पिवळसर बदामीपर्यंतच्या छटा मिसळणे म्हणूनच योग्य ठरते.

छायाचित्रेही जपून वाचावी लागतात. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा निळ्या प्रकाशाला फार, तर लाल-पिवळ्याला फार कमी प्रतिसाद देत. त्यामुळे आकाशी पँट जवळजवळ पांढरी दिसते आणि घोडदळाची पिवळी कॉलर काळपट. टिनटाइपमध्ये, म्हणजे लोखंडी पत्र्यावर काढलेल्या छायाचित्रात, प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी उमटते. बटणे भलत्या बाजूला जातात आणि कमरेच्या बकलावरची अक्षरे उलटी होतात. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या सेमिनरी रिजवर काढलेले तीन युद्धकैद्यांचे छायाचित्र प्रत्येक रंगवणाऱ्याने मोठे करून पाहावे. तिघांचे कपडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण ते धड आहेत. अनवाणी, चिंध्या ल्यालेला शूर शिपाई ही प्रतिमा युद्धानंतरच्या दाक्षिणात्य आठवणींनी फुगवली. टंचाई खरी होती, बुटांची तर फारच. पण सगळी पलटण ठिगळांनी भरून टाकणे म्हणजे पराभवाच्या गौरवगाथेला पुरावा समजणे होय.

लुटीच्या कपड्यांचे प्रमाणही ठरवावे लागते. उत्तरेच्या आकाशी पँट, पाठपिशव्या आणि रबरी चादरी दक्षिणेकडे भरपूर दिसत. सप्टेंबर १८६२ मध्ये हार्पर्स फेरीला हाती लागलेले निळे कोट घालून दक्षिणेचा सेनानी ए. पी. हिल याचे सैनिक अँटिएटमच्या लढाईत उतरले तेव्हा समोरचे गोंधळून गेले. म्हणून त्या दिवसाच्या हिलच्या तुकडीत काही गडद निळे कोट हवेतच, इतर ठिकाणी ते विरळाच ठेवावेत.

१८६४ पासून चित्र पुन्हा पालटते. उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून आलेल्या जहाजांतून इंग्लंडचे निळसर करडे जाड लोकरी कापड पोचू लागले आणि रिचमंडची नंतरची जॅकेटे त्यापासून, खांदपट्ट्यांविना शिवली गेली. आयर्लंडमधील लिमरिकच्या पीटर टेट यांच्या कारखान्यातून तर तयार जॅकेटेच आली, आठ बटणांची. पीटर्सबर्गच्या खंदकांतले लीचे सैनिक रंगवताना बदामी रंग मागे ठेवून हा निळसर करडा पुढे आणावा.