अमेरिकेला पहिल्यांदा शिकायला निघताना
(आमच्याकडून तिकीट काढणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी)

आधी तारीख नीट वाचा. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१८ ऑगस्ट, ०१:४०' असेल तर घरातून १७ तारखेलाच निघायचं. १८ च्या रात्री पोहोचलात तर विमान आदल्याच रात्री गेलेलं असतं. टर्मिनल २ वर १७ ला रात्री साडेनऊपर्यंत पोहोचा. पुण्याहून येणाऱ्यांनी दुपारी तीनलाच गाडी काढावी. पावसाळ्यात घाटात वाहतूक अडली की दोन तास सहज जातात. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, मग विनवण्या करून काही होत नाही.

तिकिटासाठी आम्हाला आधार कार्ड नको, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा. दोन्हींवर नावाचं स्पेलिंग वेगळं असणं फार नेहमीचं आहे.

सामान. अमेरिकेसाठी बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, पण स्वस्त तिकिटात एकच असू शकते; तिकिटावर पाहून घ्या. एकीत २५ आणि दुसरीत २१ किलो भरून 'बेरीज तर जमतेय' म्हणता येत नाही, प्रत्येक बॅग वेगळी तोलतात. घरच्या काट्यावर २२ भरली की थांबा.

लोणचं, तूप, ओली चटणी चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत द्रवपदार्थाची बाटली १०० मिलीपर्यंतच चालते आणि लोणचं सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला लावतात. उंचीवर विमानातला दाब जमिनीपेक्षा कमी होतो, बरणीतली हवा फुगते आणि तेल झाकणातून झिरपतं. म्हणून काचेची बरणी नको. जाड प्लास्टिकचा डबा घ्या, वर दोन बोटं जागा सोडा, झाकणाला टेप मारा, दोन झिपच्या पिशव्यांत घालून टॉवेलमध्ये गुंडाळा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घेऊ नका. खोबरं तेलकट असल्यानं पेट घेऊ शकतं, म्हणून विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात. ताजा कढीपत्ता, फळं, मांस अमेरिकेत चालत नाही. बाकी खाण्याचे पदार्थ कस्टम्सला विचारतील तेव्हा सरळ सांगा. लपवलं तर दंड होतो.

पॉवर बँक चेक-इनमध्ये कधीच नाही, हातातच. २०,००० एमएएचची (सुमारे ७४ वॅट-अवर) चालते, मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तीही हातात.

कागदांची फाइल हातातल्या बॅगेत. पासपोर्ट, व्हिसा, तुमची सही केलेला आय-२० (विद्यापीठानं दिलेला प्रवेशाचा फॉर्म), सेव्हिस फीची (अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीच्या शुल्काची) पावती, प्रवेशपत्र, खर्चाचे पुरावे. आय-२० वर सही राहून जाणं ही नेहमीची चूक आहे. १८ वर्षांखालील विद्यार्थ्यासाठी पालकांचीही सही लागते. राहण्याचा पत्ता कागदावर लिहून ठेवा, तिथं उतरल्यावर फोन चालेलच असं नाही. आय-२० वरील सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, तेव्हा स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लवकरचं घेऊ नका.

अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. मुंबईत बॅगेवर शेवटच्या शहराचा टॅग लागला तरी अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन झाल्यावर बॅगा पट्ट्यावरून स्वतः घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. त्यामुळे दोन विमानांमध्ये तीन तास हवेतच. अबू धाबीमार्गे थेट अमेरिकेला गेलात तर हे सोपस्कार बहुधा तिथंच उरकतात.

इमिग्रेशनचे अधिकारी बहुधा विद्यापीठ कोणतं, विषय काय, खर्च कोण करणार एवढंच विचारतात. उत्तर एका वाक्यात द्या. रांगेत फोन वापरू नका.

पोहोचल्यावर आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीची) प्रत ऑनलाइन काढून नाव आणि 'एफ-१' बरोबर आहे ना ते पाहा. भारतातलं सिम चालू ठेवा, रिचार्ज आणि रोमिंगसह. बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात.