माकडताप : नागपूरला परतलेल्या प्रवाशांमधील ओळख

माकडताप, म्हणजेच क्यासनूर जंगल रोग, हा गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणुजन्य ताप आहे. पश्चिम घाटाच्या जंगलपट्ट्यात तो आढळतो. महाराष्ट्रात त्याचा ज्ञात प्रादुर्भाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. विदर्भ या पट्ट्याबाहेर आहे, त्यामुळे नागपुरात हा ताप आलाच तर तो कोकण, गोवा किंवा कर्नाटकातून परतलेल्या माणसाच्या रक्तातून येईल. कन्नडमध्ये त्याला ‘मंगन कायिले’ म्हणजे माकडाचा आजार म्हणतात, सिंधुदुर्गात माकडताप. नाव थोडे फसवे आहे. माकड स्वतः या रोगाचा बळी आहे. त्याच्यापासून माणसाला सहसा थेट लागण होत नाही आणि माणसाकडून माणसालाही हा ताप लागत नाही. माकड आणि माणूस यांच्या मध्ये बहुधा गोचीड असते.

नागपुरात ताप ओळखण्याची एक सवय पडून गेली आहे आणि ती ऋतूवर चालते. पावसाळा सुरू झाला की मलेरिया, ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत डेंग्यू, त्याच सुमारास स्क्रब टायफस. 2018च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची मोठी साथ आली, तेव्हापासून हे नाव शहरातल्या सामान्य माणसालाही माहीत झाले. माकडतापाचे वेळापत्रक याच्या नेमके उलटे आहे. तो साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो, जानेवारी ते एप्रिल जोरात असतो आणि पाऊस पडला की ओसरतो. जानेवारी-फेब्रुवारीत नागपुरात डासांचे ताप बरेच उतरलेले असतात. अशा दिवसांत एखाद्याला सणकून ताप आला, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरल्या आणि डेंग्यूची चाचणी नकारार्थी आली, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून कागद मिटण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : गेल्या दोन आठवड्यांत कुठे गेला होतात?

या प्रश्नाला ‘कोकणात’ किंवा ‘गोव्याला’ एवढे उत्तर पुरत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर बसून मासे खाल्लेला माणूस आणि दोडामार्गच्या काजूबागेत पाचोळ्यावर बसलेला माणूस, दोघेही ‘कोकणात’च गेलेले असतात, धोका दुसऱ्याला आहे. गावाचे नाव, जंगलाशी किंवा बागेशी आलेला संबंध, गुरांच्या गोठ्यात जाणे-येणे, आसपास माकडे मेल्याची चर्चा, हे एकेक करून विचारावे लागते. सिंधुदुर्गात 2016पासून दोडामार्ग तालुक्यात आणि नंतर बांदा परिसरात रुग्ण आढळले. त्याच्या आदल्या वर्षी, 2015मध्ये, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात प्रादुर्भाव झाला होता. काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकच असल्यामुळे बागेत बोंडे गोळा करणारी माणसे इथे सर्वाधिक सापडली. कर्नाटकात शिवमोग्गा हा जुना बालेकिल्ला. जोगचा धबधबा पाहायला जाणारे पर्यटक ज्या सागर तालुक्यात उतरतात, तिथल्या अरळगोडू भागात 2019च्या सुमारास मोठा उद्रेक झाला. केरळात वायनाड आणि तमिळनाडूत निलगिरीच्या बाजूलाही तो पोहोचला आहे.

नागपूरकराच्या प्रवासाचे गणितही रोगाच्या बाजूने आहे. चाव्यापासून ताप येईपर्यंत साधारण 3 ते 8 दिवस जातात, क्वचित 12पर्यंत. चार-पाच दिवसांची सहल, मग कोकण रेल्वेने रात्र-दिवसाचा परतीचा प्रवास. ताप येतो तेव्हा माणूस घरी पोहोचून कामाला लागलेला असतो. समजा, फेब्रुवारीत एक गृहस्थ नातेवाइकांच्या काजूबागेत दोन दुपारी घालवून परतले. पाचव्या दिवशी ऑफिसातच हुडहुडी भरली. संध्याकाळी 104 अंश ताप, कपाळ फुटेल असे दुखणे, पाठ आणि पोटऱ्या धरलेल्या. तिसऱ्या दिवशी रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी अडीच हजार, प्लेटलेट ऐंशी हजार. घरात ‘पेशी कमी झाल्या’ एवढेच कळते, कोणीतरी पपईची पाने आणायला धावते. इथे एक बारीक गोंधळ होतो. आपल्याकडे ‘पेशी’ म्हटले की प्लेटलेट, ‘पांढऱ्या पेशी’ म्हटले तरी पुष्कळदा प्लेटलेटच. माकडतापात या दोन्ही उतरतात, म्हणून अहवालातला आकडा कशाचा आहे ते कागदावरच पाहावे, सांगोवांगी घेऊ नये. आणि या गृहस्थांना गोचीड चावल्याचे बहुतेक आठवणारही नाही.

आठवत नाही याचे कारण गोचिडीच्या आकारात आहे. नागपूरकराला गोचीड माहीत असते ती गाईच्या कासेला किंवा कुत्र्याच्या कानात चिकटलेली, रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली. माकडतापाचा मुख्य वाहक असलेल्या ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ या जातीची माणसाला चावते ती बहुधा मधल्या वयाची, निम्फ अवस्थेतली गोचीड. ती तिळाहून मोठी नसते. चावताना दुखत नाही, काम उरकून गळून पडते. म्हणून ‘गोचीड चावली होती का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर आले तरी निदान बाद होत नाही.

गोचिडीचे जीवनचक्र कळले की हंगामही कळतो. अंड्यातून निघालेली अळी उंदीर-चिचुंद्रीसारख्या छोट्या प्राण्यांवर, पक्ष्यांवर किंवा माकडांवर एकदा रक्त पिते, कात टाकून निम्फ होते, पुन्हा रक्त पिते, मग प्रौढ होऊन गुरांसारख्या मोठ्या जनावरांवर जाते. एका अवस्थेत घेतलेला विषाणू पुढच्या अवस्थेत टिकतो. निम्फ हिवाळ्याच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत पाचोळ्यात असतात आणि लाकूड, पाला, काजू गोळा करायला माणसेही याच कोरड्या महिन्यांत जंगलात शिरतात. लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाची वानरे या विषाणूने पटापट मरतात. मेलेल्या जनावराचे शरीर थंड पडले की त्यावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात, आणि ती जागा काही दिवस सापळ्यासारखी होते. म्हणून बाधित भागात मेलेल्या माकडाभोवती सुमारे 50 मीटरपर्यंत कीटकनाशक मारण्याची पद्धत आहे. नागपुरात मात्र सेमिनरी हिल्सवर वानर विजेच्या तारेला चिकटून किंवा मे महिन्याच्या उन्हाने मेले, तर त्याचा माकडतापाशी संबंध जोडायचे कारण नाही.

रोगाचा शोध 1957चा. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मरू लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने फणफणू लागले. माकडे आणि माणसे एकाच वेळी मरतात म्हटल्यावर पहिली शंका पीतज्वराची (यलो फीव्हरची) आली, कारण डासांतून पसरणारा तो ताप माकडांनाही मारतो. भारतात पीतज्वर कधीच नव्हता. तो शिरला असता तर हाहाकार झाला असता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, विषाणू वेगळा केला तेव्हा तो निघाला रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला. सायबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तो आणला असेल, अशी एक कल्पना पुढे आली. या शंकेपायीच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या पुढाकाराने पक्षी पकडून, कडी घालून, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी तपासण्याचे काम हाती घेतले. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला त्यातून बळ मिळाले. एका तापाने पक्षिशास्त्राला दिलेली ही देणगी थोड्यांनाच ठाऊक असते.

आजार कसा चालतो

सुरुवात अचानक होते. थंडी वाजून ताप, समोरच्या बाजूची तीव्र डोकेदुखी, कंबर-पाठ-पोटऱ्या मोडून आल्यासारख्या. डोळे लाल होतात, मानेच्या आणि काखेतल्या गाठी वाढू शकतात, तोंडातल्या टाळूवर बारीक पुटकुळ्या दिसू शकतात. डॉक्टरांना चटकन जाणवणारी एक गोष्ट म्हणजे नाडी : इतक्या तापात ती जेवढी धावायला हवी तेवढी धावत नाही आणि रक्तदाबही उतरलेला असतो. तीन-चार दिवसांनी उलट्या, जुलाब, काहींना नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत सुधारतात, अशक्तपणा मात्र महिनाभर रेंगाळतो.

खरी फसगत पुढे आहे. साधारण 10 ते 20 टक्के रुग्णांना ताप उतरून एक-दोन आठवडे बरे गेल्यावर दुसरा फेरा येतो. यावेळी पुन्हा ताप, त्यासोबत असह्य डोकेदुखी, मान आखडणे, हात थरथरणे, चक्कर, कधी भ्रम. पहिला ताप एका दवाखान्यात ‘व्हायरल’ म्हणून संपलेला असतो, दुसरा दुसऱ्या रुग्णालयात ‘मेंदूज्वर’ म्हणून दाखल होतो आणि दोन्ही फायली एकमेकींना भेटत नाहीत. प्रवासाला तोवर महिना होत आलेला असतो, त्यामुळे ‘दोन आठवड्यांत कुठे गेला होतात’ हा प्रश्नही अपुरा पडतो. अशा रुग्णाच्या नातेवाइकांना आधीच्या तापाची तारीख विचारून तिथून मागे मोजावे लागते. मृत्यूचे प्रमाण सुमारे 3 ते 5 टक्के धरले जाते.

सारखे दिसणारे ताप

डेंग्यूत पुरळ आणि डोळ्यांच्या मागे दुखणे जास्त, माकडतापात पुरळ सहसा नसते. पण एवढ्यावर विसंबून कोणी निदान करू नये. डेंग्यूचा विषाणूही याच फ्लॅविव्हायरस कुळातला असल्याने डेंग्यूची आयजीएम (रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी) चाचणी कधी कधी नात्यातल्या विषाणूमुळेही होकार देते. जानेवारीत पुसटसा होकार आला म्हणून प्रवासाचा प्रश्न सोडून देणे बरोबर नाही.

स्क्रब टायफसशी तुलना नागपुरात अटळ आहे. तो जिवाणूचा आजार आहे आणि पसरवतो चिगर नावाचा सूक्ष्म कीटक. हा कीटक गोचिडीचा लांबचा नातलग, पण गोचीड नव्हे. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली पडते. ती काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याखाली लपलेली असते, त्यामुळे कपडे उतरवून शोधल्याशिवाय सापडत नाही. खपली दिसली तर डॉक्सिसायक्लिनने दोन-तीन दिवसांत ताप पडतो. खपली नसली तरी शंका असल्यास डॉक्टर हे औषध सुरू करतात आणि ते योग्यच आहे : माकडतापावर त्याचा उपयोग नसला, तरी स्क्रब टायफस उपचाराविना सोडणे महागात पडते.

गोचिडींचाच आणखी एक ताप, क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप, 2011मध्ये गुजरातेत आढळला. तो रुग्णाच्या रक्तातून डॉक्टर-परिचारिकांना लागतो. म्हणून रक्तस्राव होणारा रुग्ण गुजरातेतल्या गुरांच्या संपर्कातून आला असेल, तर खबरदारी वेगळ्या पातळीची लागते.

तपासणी आणि उपचार

पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटी-पीसीआर उपयोगी. पाचव्या दिवसाच्या आसपास आयजीएम प्रतिपिंडे दिसू लागतात. ही तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही. नमुना बर्फात ठेवून आरोग्य विभागामार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. पूर्वी प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाच या विषाणूची लागण झाल्याच्या घटना आहेत, म्हणून नमुन्यावर शंका स्पष्ट लिहायची असते.

विषाणूवर मारा करणारे खास औषध नाही. पाणी आणि क्षारांचे प्रमाण राखणे, रक्तदाबावर लक्ष, गरज पडल्यास रक्तघटक, तापाला पॅरासिटामॉल. रक्तस्रावाचा धोका असल्याने ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळतात. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिली जाणारी लस परिणामकारक राहिली नाही म्हणून बंद झाली.

त्या पट्ट्यात हंगामात जाणाऱ्याने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यांत खोचावी, डेपा तेलासारखे गोचीड-प्रतिबंधक लावावे आणि पाचोळ्यावर थेट बसू नये. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करताना काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि कानांमागे हात फिरवून पाहावे. चिकटलेली गोचीड सापडली तर रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, जागा साबणाने धुवावी आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.