मधला वेळ कुणी खाल्ला?

सकाळी फिरून परतताना मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका टपरीवर चहाला थांबतो. रात्रपाळी नुकती सुटलेली असते. गेल्या पावसाळ्यात तिथं माझा एक जुना विद्यार्थी भेटला. फाउंड्रीत कामाला आहे. नखांत अजून काळी वाळू होती. एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात मोबाइल. पडद्यावर एक चिमुकलं विमान वर चढत होतं आणि त्याच्याबरोबर आकडा वाढत होता: १.२०, १.४५, १.८०. हा पैसे लावून खेळायचा खेळ: आकडा जेवढा, तेवढ्या पट पैसे, पण विमान उडून जायच्या आत काढून घ्यायचे, नाहीतर लावलेले गेले. पोराचा अंगठा काचेच्या केसभर वर थांबलेला. १.९६ वर विमान भुर्रकन उडून गेलं आणि पडदा लाल झाला.

"दोनवर काढणार होतो, सर. थोडक्यात गेलं," तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत पुढचं विमान निघालं. माझा चहा संपेपर्यंत बारा विमानं गेली. त्याच्या चहावर साय धरली होती.

"काल चार हजार गेले होते, खरं रात्रीत दीड परत आले की. अजून अडीच काढले की बंद करतो."

हा मुलगा वर्गात गणितात हुशार होता. आळशी नाही, व्यसनी घरातला नाही. म्हणून "हावरटपणा" आणि "वाईट संगत" या दोन शब्दांत त्याची गोष्ट मिटवायला माझं मन तयार होईना. घरी येऊन वाचत बसलो, आणि एका गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबलो: पैसा लावणं आणि निकाल लागणं यांच्यामधला वेळ.

आपल्या सीमाभागात जुगार काही नवा नाही. आपल्याकडे ज्याला ओसी म्हणतात तो मटका १९६० च्या दशकात मुंबईत वाढला. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि मिटत्या भावावर पैसे लागायचे, पुढे मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. 'ओपन' आणि 'क्लोज' ही नावं तिथलीच. पण ओसी खेळायची तर पानपट्टीच्या मागं जाऊन चिठ्ठी लिहावी लागे, आणि निकालाला काही तास वाट पाहावी लागे. कर्नाटकात २००७ साली लॉटरी बंद झाली, तेव्हा तिकिटासाठी महाराष्ट्राच्या हद्दीत, शिनोळीला किंवा कोगनोळी नाक्यापलीकडे जावं लागे. कॅसिनो हवा असेल तर चोर्ला घाट उतरून पणजी, तीनेक तासांचा रस्ता. जाताना माणूस विचार करी, येताना पश्चात्ताप करी. बायको विचारी, "कुठं चाललात?" तेवढ्या एका प्रश्नानं कितीतरी पगार वाचले असतील. मोबाइलनं हा घाट, हा नाका, ही वाट बघणी सगळं एका अंगठ्यात आणून ठेवलं.

याचा परिणाम किती, ते आकडेमोड करून बघू. मटक्यात एक आकडा लागला तर साधारण एकाला नऊ मिळतात. आकडे दहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जाऊन नऊ येतात, म्हणजे चालवणाऱ्याचा वाटा शेकडा १०. विमानाच्या जातीचे जे खेळ आपला हिशेब जाहीर करतात, त्यांत हा वाटा साधारण शेकडा ३ असतो. विमान दोनपर्यंत पोचण्याची शक्यता ५० टक्के नसते, ४८ च्या आसपास असते. ही दीडदोन टक्क्यांची फट डोळ्यांना दिसत नाही. चोरीछुप्या ॲपमध्ये तर किती वाटा कापतात हे तपासायची सोयच नाही.

वाटणारच की १० पेक्षा ३ बरे. आता वेग धरा. मटक्याच्या एका बाजारात ओपनला ५० आणि क्लोजला ५० लावणाऱ्याचे दिवसाला १०० रुपये लागतात. त्यातले सरासरी १० जातात. विमानाची फेरी पंधरावीस सेकंदांची. तासाला २०० फेऱ्या धरल्या तर ५० रुपयांप्रमाणे १०,००० रुपये फिरतात, आणि त्याचे ३ टक्के म्हणजे ३०० रुपये. दिवसाला दहा विरुद्ध तासाला तीनशे! खिशात दहा हजार असायची गरजही नाही. तेच पाचशे रुपये पुन्हा पुन्हा फिरत राहतात. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात एखाद्या रात्री दोन हजार येतात, एखाद्या रात्री पाच जातात, आणि आठवणीत राहतात ते आलेले दोन हजार.

आता डोक्यात काय चालतं ते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांना कळ टोचली की दाणा मिळेल अशी सवय लावली होती. ठरलेल्या टोच्यांनंतर दाणा मिळत असेल तर कबूतर दाणा खाऊन जरा विसावतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी चाळिसाव्या टोचीला मिळू लागला की ते थांबतच नाही, आणि दाणे बंद केले तरी बराच वेळ टोचत राहतं. बेभरवशाचं बक्षीस भरवशाच्या बक्षिसापेक्षा घट्ट धरून ठेवतं.

असं का, याचा धागा पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत सापडला. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी पेटून उठत. रसाच्या आधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली, तेव्हा काही दिवसांनी त्या पेशी रसाला नव्हे, दिव्यालाच पेटू लागल्या. दिवा लागून रस आला नाही तर त्या नेहमीपेक्षाही गप्प होत. म्हणजे डोपामाइन हे सुखाचं रसायन आहे असं जे आपण सर्रास वाचतो ते अर्धवट आहे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक ते मेंदूला कळवतं. शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट पुढे आली. रस मिळेल की नाही याची शक्यता अगदी निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट बघतानाची या पेशींची हालचाल सर्वांत जास्त असते. दोनवर काढू बघणाऱ्या पोराचं विमान ४८ टक्क्यांवर का येऊन बसतं, याचा विचार करा.

आणि ते "थोडक्यात गेलं"? केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून चक्राचा जुगार खेळायला लावला. चक्र बक्षिसाच्या अगदी शेजारच्या घरात थांबलं की ते साधं हरणंच. लोकांनाही ते साध्या हरण्यापेक्षा जास्त लागलं. पण मेंदूत जिंकताना जे भाग जागे होतात तेच थोडेफार जागे झाले, आणि पुन्हा खेळायची इच्छा वाढली. नेमबाजीत थोडक्यात चुकणं ही खरी माहिती असते. पुढची गोळी सुधारते. जुगारात १.९६ आणि १.०१ यांत काडीचाही फरक नाही. मेंदू मात्र दोन्हीकडे एकाच नियमानं शिकतो.

मटक्याच्या निकालांचे जुने चार्ट घेऊन बसणारी माणसं बेळगावात अजून आहेत. "सत्ता (सातचा आकडा) आठ दिवस आला नाही, आता येणारच." माँटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री चेंडू काळ्या घरात सलग २६ वेळा पडला. दर फेरीला लोक लाल रंगावर आणखी पैसे ओतत गेले, कारण आता लाल येणारच होता. चेंडूला आठवण नसते. आठवण आपल्याला असते.

यापेक्षाही घातक आहे ती वसुली. "गेलेलं काढलं की बंद." डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये एक साधा प्रश्न लोकांना विचारला होता. हमखास ३,००० मिळतील, किंवा ८० टक्के शक्यतेनं ४,००० मिळतील, काय घ्याल? ८० टक्के लोकांनी हमखासचे तीन हजार घेतले. मग प्रश्न उलटा केला. हमखास ३,००० जातील, किंवा ८० टक्के शक्यतेनं ४,००० जातील. आता ९२ टक्के लोकांनी जुगार पत्करला! मिळवताना सावध असणारा माणूस गमावताना धाडसी होतो. माझा विद्यार्थी ज्या क्षणी चार हजारांनी मागे गेला, त्या क्षणी त्याच्या डोक्यातला तराजूच बदलला होता. त्यामुळे "कधी थांबायचं ते मी ठरवीन" या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. ठरवायचं ते खेळायच्या आधी, थंड डोक्यानं, आणि शक्यतो दुसऱ्या माणसाच्या देखत.

हे सगळं मनाच्या कमकुवतपणाचं असतं असं मानणाऱ्यांना मी एक उदाहरण आवर्जून सांगतो. कंपवाताच्या रुग्णांना डोपामाइनसारखं काम करणारी काही औषधं देतात, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोल. आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेले काही वयस्क रुग्ण ही औषधं चालू झाल्यावर जुगाराच्या नादी लागले, काहींनी साठवलेला पैसा उडवला. डॉक्टरांनी औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांचा नाद उतरला. माणूस तोच, संस्कार तेच, रसायन तेवढं बदललं. (तुमच्या घरी असं औषध चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका. नाद दिसला तर डॉक्टरांना सांगा.)

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये जुगाराचं व्यसन दारू आणि अफूच्या व्यसनांच्या पंगतीला बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'मुख्यतः ऑनलाइन' असा त्याचा वेगळा प्रकार आहे. अमेरिकी संघटनेच्या निदानाच्या नऊ खुणांपैकी वर्षभरात चार दिसल्या तर आजार मानतात. तेवढ्याच थरारासाठी रक्कम वाढवत नेणं, थांबवलं की चिडचिड, थांबायचे फसलेले प्रयत्न, गेलेलं वसूल करायला पुन्हा बसणं, घरच्यांशी खोटं बोलणं, देणी भागवायला दुसऱ्याकडे हात पसरणं, या त्यातल्या काही. घरात ओळखायची सोपी खूण म्हणाल तर मोबाइल पालथा ठेवणं आणि पगार झाल्यावर आठ दिवसांत उसनवारी.

मर्यादेत खेळता येतं का? कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये कमी धोक्याच्या मर्यादा सुचवल्या: महिन्याच्या घरगुती उत्पन्नाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त लावू नये, महिन्यात चार दिवसांपेक्षा जास्त खेळू नये, दोनपेक्षा जास्त प्रकारांच्या जुगाराची सवय ठेवू नये. घरात अठरा हजार येत असतील तर महिन्याचे १८० रुपये झाले, म्हणजे पन्नासाच्या साडेतीन फेऱ्या. दिवाळीत भावकीत मांडलेला पत्त्यांचा डाव यात बसेल. तासाला दोनशे फेऱ्यांचं विमान कसं बसणार? शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे घराघरांत पोचायला हवं, कारण पोलिसांच्या भीतीनं पोरं आणि आईबापही मदत मागत नाहीत.

उपाय म्हणजे मोबाइलनं खाल्लेला मधला वेळ परत आणणं. तलफ लाटेसारखी येते; बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पैसा हाताशी नसला की झालं. पगार, उसाचं बिल किंवा तंबाखूचे पैसे ज्या खात्यावर येतात त्यावरचं यूपीआय शाखेत जाऊन बंद करून घ्या. कार्ड बहिणीकडे किंवा बायकोकडे द्या. ॲप नुसतं पुसून भागत नाही. ज्या ग्रुपवरून लिंक येते तो ग्रुपही सोडायला हवा, कारण ती टुंग वाजणं म्हणजे माकडाचा दिवाच. घरच्यांना एक सांगणं: देणी एकदम फेडून मोकळे होऊ नका. आधी सगळी देणी एका कागदावर, कर्जाच्या ॲपसकट, मगच हप्ते. पैसे नुकतेच फसवून गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

आणि डॉक्टर. विचारांच्या सवयी बदलणारे समुपदेशन या आजारावर उपयोगी पडतं. काहींना नालट्रेक्सोनसारखी औषधंही देतात. बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, बेंगळूरच्या निम्हान्समध्ये मोबाइल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीअपरात्री लागतो, आणि तिथं मराठीतही बोलता येतं. या आजारात जीव द्यायचे विचार इतर लोकांपेक्षा खूप जास्त आढळतात. कुणी "आता सुटका नाही" असं बोलू लागला तर त्याला एकटं सोडू नका, तिथूनच फोन लावा.

माझा विद्यार्थी धारवाडला तीनदा जाऊन आला. मी पहिल्यांदा त्याच्याबरोबर गेलो होतो. बसमध्ये कित्तूर येईपर्यंत गप्प होता, मग म्हणाला, "मजा न्हाई येत आता, सर. हात जातो नुसता." मजा येणं आणि हवंसं वाटणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये मांडलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. त्याला ठाऊकच होतं.

आता कामावर तो बटणांचा फोन नेतो. पगार दहा तारखेला होतो आणि तीच रात्र त्याला सर्वांत जड जाते. म्हणून दहाला तो संध्याकाळी सात वाजता माझ्याकडे येतो. आम्ही त्याच्या ताईच्या खात्यावर पैसे पाठवतो, मग जेवतो, आणि साडेनऊला मी त्याला तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत पोचवून येतो. गेल्या महिन्यात एकदा पाय घसरला, सहाशे गेले. त्यानं ते त्याच रात्री फोन करून सांगितलं. पूर्वी असं काही सांगायला त्याला चार महिने लागले होते.