मावशी शिकवतात तो विषय

बालवाडीत किंवा ज्युनिअर केजीत मूल साधारण तीन-चार तास असतं. त्यातला गाणी, गोष्टी, चित्रं, अक्षरं यांचा वेळ बाईंचा. उरलेल्या वेळात बूट काढून ओळीने ठेवायचे असतात, नळावर हात धुवायचे असतात, डबा उघडायचा, सांडलेलं पुसायचं, घसरगुंडीपाशी नंबर लावायचा आणि सुटताना आपलीच वॉटरबॅग ओळखायची असते. हा वेळ बहुतेक शाळांत मावशींचा असतो, अंगणवाडीत मदतनीस ताईंचा. वेळापत्रकात त्याला विषय म्हणून नाव नाही. पण मूल दुसऱ्या मुलाला खऱ्या अर्थाने भिडतं ते याच वेळात. ‘आधी माझा नंबर होता’, ‘हिने माझी पोळी सांडली’, ‘तो मला खेळायला घेत नाही’ या तक्रारी गाण्याच्या तासाला येत नाहीत, डब्याच्या सुट्टीत येतात. चार वर्षांच्या मुलाला रीतभात आणि इतरांत मिसळणं शिकवायचं असेल तर ते तिथेच शिकवावं लागतं, आणि तिथे हजर असतात त्या मावशी. त्यांना या विषयाच्या शिक्षिका मानायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

हा विषय किरकोळ नाही. अमेरिकेतल्या 753 मुलांचा बालवाडीपासून तरुणपणापर्यंत माग ठेवणारा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. वाटून घेणं, दुसऱ्याला मदत करणं, भांडण आपसांत मिटवणं यांत बालवाडीच्या वयात ज्यांना शिक्षकांनी चांगले गुण दिले होते, ती मुलं पुढे पदवीपर्यंत पोचण्याचं आणि 25व्या वर्षी पूर्णवेळ नोकरीत असण्याचं प्रमाण जास्त होतं. एकामुळेच दुसरं घडलं असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही; घरची परिस्थिती आणि मुलाचा स्वभाव यांचाही वाटा असतो. तरी ज्या गोष्टीला आपण ‘वळण’ म्हणून घरच्यांवर सोडून देतो, ती शाळेनेही लक्ष देण्याजोगी आहे, एवढं त्यावरून म्हणता येतं.

मग ती शिकवायची कशी? याचं मला आवडणारं उत्तर शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे. 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी आपलं पहिलं बालघर उघडलं. तिथली रोजची जबाबदारी त्यांनी कुणा शिकलेल्या शिक्षिकेवर सोपवली नव्हती. त्याच इमारतीच्या रखवालदाराची तरुण मुलगी ती सांभाळायची. आपल्या भाषेत सांगायचं तर जगातल्या पहिल्या माँटेसरी वर्गाच्या बाई या खरं तर मावशीच होत्या.

त्या घरातला एक प्रसंग माँटेसरींनी स्वतः लिहून ठेवला आहे. एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं हे शिकवायचं ठरवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता, कुणाच्या लक्षात न येईल अशा बेताने नाक कसं पुसायचं, हे त्यांनी सावकाश करून दाखवलं. त्यांना वाटलं होतं, मुलं हसतील. मुलं हसली नाहीत. ती टक लावून बघत राहिली, आणि शेवटी त्यांनी नाटकात वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. माँटेसरींनी याचा अर्थ लावला तो असा: नाकावरून या मुलांना दिवसभर टोकलं जातं, चारचौघांत लाजवलं जातं, पण ते काम नीट करायचं कसं हे तोवर कुणी दाखवलंच नव्हतं. त्या धड्यामुळे त्यांची लाज झाकली गेली.

हा धडा नीट उलगडून बघण्यासारखा आहे. तो कुणा एकाच्या नाकावरून दिलेला धडा नव्हता, म्हणजे वर्गात गुन्हेगार कुणी नव्हता. ‘नीट वाग’ असा मोघम हुकूम नव्हता; कृती छोट्या टप्प्यांत मोडलेली होती. आणि बोलण्यापेक्षा दाखवणं जास्त होतं. आपण बहुधा याच्या अगदी उलट करतो. मुलाने धक्का दिला की त्याच तापलेल्या क्षणी आपण त्याला सभ्यपणा शिकवायला जातो. तेव्हा एक मूल रडत असतं, दुसरं घाबरलेलं असतं आणि आपला आवाज चढलेला असतो. अशा वेळी नवं काही डोक्यात शिरणं मोठ्यांनाही जमत नाही. त्या क्षणी दोघांना वेगळं करावं, शांत करावं. धक्का न देता वाट कशी मागायची, हे शिकवावं दुसऱ्या दिवशी, सगळे खुशीत असताना.

मावशी आणि बाईंनी मिळून ते दोन मिनिटांत नाटुकल्यासारखं करता येतं. बाई वाटेत उभ्या राहतात. मावशी येतात, थांबतात, म्हणतात, “बाई, जरा सरकता का? मला तिकडे जायचंय.” बाई सरकतात. मग मुलांची पाळी: एक वाट अडवणार, दुसरं मागणार. नंतर घसरगुंडीपाशी खरोखर तशी वेळ आली आणि मुलाने तसं विचारलं की मावशींनी तिथल्या तिथे म्हणायचं, “वाट मागितलीस ना, बघ, ती लगेच सरकली.” नुसतं ‘शाब्बास’ म्हटलं तर नेमकं काय चांगलं झालं ते मुलाला कळत नाही. सांगणं, करून दाखवणं, करून घेणं आणि जिथल्या तिथे प्रतिसाद देणं ही चार पावलं वर्तनशास्त्रात आता चांगली प्रस्थापित आहेत. तीच रीत हात धुण्याला, डब्यातला खाऊ मागण्याला, खेळात सामील होण्याला लागू पडते. खेळात सामील होण्याचं कौशल्य तर मुद्दाम शिकवायला हवं, कारण ‘मला घ्या ना’ अशी विनवणी करणाऱ्या मुलाला ‘नाही’ हे उत्तर पटकन मिळतं. आधी जवळ थांबून खेळ काय चाललाय ते बघायचं, मग त्याच खेळातलं काहीतरी करू लागायचं, “मी गिऱ्हाईक होऊ का?” असं विचारायचं. हे केल्यावर मुलं बहुधा जागा करून देतात.

मुलं बघून शिकतात हे आजीलाही ठाऊक असतं. पण किती बारकाईने बघतात याचा पुरावा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर केलेल्या प्रयोगातून दिला. एक मोठं माणूस खोलीच्या कोपऱ्यात हवा भरलेल्या बाहुल्याला बडवत होतं, तोंडाने काहीबाही म्हणत होतं. मुलांना त्याने काहीच शिकवलं नव्हतं. तरी नंतर तो बाहुला हाती आल्यावर कितीतरी मुलांनी तेच फटके मारले आणि तेच शब्द उच्चारले.

याचा एक अर्थ आपल्या शाळांच्या फार जवळचा आहे. वर्गात मुलं रोज बघत असतात की बाई मावशींशी कशा बोलतात. “अहो मावशी, जरा हे पुसून घ्याल का?” असं म्हणतात, की लांबूनच हाक मारून बोटाने दाखवतात? मुख्याध्यापक आले की मावशी उठून उभ्या राहतात, पण मुख्याध्यापक त्यांना नावाने ओळखतात का? ‘मोठ्यांशी आदराने बोलावं’ हा सुविचार फळ्यावर लिहिलेला असतो, आणि कोणत्या मोठ्यांशी, हे मूल या व्यवहारातून शिकतं. ज्या वर्गात मावशींना एकेरीत दटावलं जातं, त्या वर्गातली मुलं शिष्टाचाराचा जो धडा घेतात तो पुढे घरकामाला येणाऱ्या ताईंना, रिक्षावाल्या काकांना, बसच्या वाहकाला भोगावा लागतो. मावशींनी मुलांना रीतभात शिकवावी असं वाटत असेल तर आधी मोठ्यांनी मावशींशी रीतीने वागायला हवं. मला हा सगळ्या विषयाचा कणा वाटतो.

आता बक्षिसांबद्दल. चांगलं वागलं की हातावर स्टार, वहीत स्मायली, खिशात चॉकलेट ही पद्धत आपल्याकडे बरीच रुळली आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लाइपझिग इथे अगदी लहान मुलांचे प्रयोग केले. 2006 साली त्यांनी दाखवलं की 18 महिन्यांची बाळंसुद्धा न सांगता मदत करतात: अनोळखी माणसाच्या हातून कपड्याचा चिमटा पडला आणि त्याचा हात पोचत नसला, तर बाळ तुरुतुरु जाऊन तो उचलून देतं. 24 पैकी 22 बाळांनी निदान एकदा तरी अशी मदत केली. दोन वर्षांनी त्यांनी 20 महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. मदतीबद्दल ज्यांना दर वेळी खेळणं मिळालं, त्यांची मदत पुढे, बक्षीस बंद झाल्यावर, इतरांपेक्षा कमी झाली. मदत करणं हाच ज्याचा आनंद होता, त्याचा आपण मोबदला ठरवला आणि आनंद आटला. एखादं कौशल्य मुलाला खूपच जड जात असेल तर सुरुवातीला थोडं आमिष चालेल. पण जे मूल आपणहून सांडलेले मणी वेचायला बसलं आहे, त्याला स्टार देऊ नये. त्याच्याबरोबर खाली बसून दोन मणी वेचावेत.

‘सॉरी म्हण’ हा आणखी एक रोजचा प्रसंग. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात मारिसा ड्रेल आणि विक्रम जसवाल यांनी 6-7 वर्षांच्या मुलांबरोबर एक साधा प्रयोग केला. तो 2016 साली प्रसिद्ध झाला. मूल प्लास्टिकच्या पेल्यांचा मनोरा रचत होतं, आणि प्रयोगातल्याच एका व्यक्तीकडून तो ‘चुकून’ पडायचा. काही मुलांना नंतर ‘सॉरी’ ऐकायला मिळालं, काहींना काहीच नाही, तर काहींचा मनोरा पुन्हा उभारायला त्या व्यक्तीने हात लावला. ज्यांना नुसतं ‘सॉरी’ मिळालं, त्यांना काहीच न मिळालेल्या मुलांइतकंच वाईट वाटत राहिलं. ज्यांना मनोरा उभारायला मदत मिळाली, त्यांना बरं वाटलं. पण ‘सॉरी’ वायाही गेलं नव्हतं: ते ऐकणाऱ्या मुलांच्या मनात त्या व्यक्तीबद्दलचं मत सुधारलं होतं.

म्हणजे शब्दाने नातं सावरतं आणि कृतीने दुःख. डब्याच्या सुट्टीत मावशींना दोन्ही करून घेता येतं, आणि मला वाटतं क्रम बदलून केलं तर जास्त छान. चिन्मयच्या कोपराने सईचा डबा उलटला. मावशींनी चिन्मयला मान खाली घालून उभं करायचं नाही. “सईची भाजी सांडली. आता काय करू या?” असं विचारायचं. फडकं आणायला, सईला आपल्यातली अर्धी पोळी द्यायला तो एकदा लागला की ‘सॉरी’ बहुतेक वेळा आपोआप तोंडून निघतं. नाही निघालं तरी सईची भूक भागलेली असते.

मावशींनी प्रश्न विचारला की थांबणंही शिकायला हवं. मेरी बड रो या संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. हा वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तो अभ्यास धड्यांबद्दलचा होता, पण ‘आता काय करू या?’ या प्रश्नालाही तीन सेकंद द्यावेत.

याच थांबण्यातून मी सगळ्यात अवघड भागाकडे येते. अनेक शाळांत आता विशेष गरज असलेल्या एखाद्या मुलाबरोबर स्वतंत्र ताई असते, तिला ‘शॅडो टीचर’ म्हणतात. तिचं असणं गरजेचं असतं आणि तिची मायाही खरी असते. तरी अमेरिकेतल्या व्हर्मांट विद्यापीठाच्या मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी 1997 साली जे मांडलं ते डोळ्यांआड करता येत नाही. साहाय्यक सतत मुलाला खेटून बसली की वर्गशिक्षिका त्या मुलाची जबाबदारी हळूहळू सोडून देते, मूल प्रत्येक गोष्टीसाठी साहाय्यकाकडे बघू लागतं, आणि इतर मुलं त्याच्याजवळ यायची थांबतात. मैत्री करायला शिकवणारी व्यक्तीच दोघा मुलांच्या मधोमध बसलेली असते.

म्हणून साहाय्यकाच्या प्रशिक्षणात मागे सरण्याचं तंत्र हवं. मुलाने चेंडू मागायचा असेल तर आधी नुसतं थांबून बघायचं. जमत नसेल तर नजरेने चेंडूकडे खुणवायचं, मग हाताने, मग वाक्याची सुरुवात करून द्यायची, आणि अगदीच अडलं तर पूर्ण वाक्य म्हणून दाखवायचं. पुढच्या खेपेला एक पायरी कमी. दुसरा उपाय तर माझ्या मते आणखी सुंदर आहे: वर्गातल्या दोन-तीन मुलांनाच शिकवायचं. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून फिलिप स्ट्रेन आणि सॅम्युएल ओडम या विशेष शिक्षणाच्या संशोधकांच्या कामातून दिसत आलं आहे की सोबत्यांना ‘त्याला खेळणं दे, नाव घेऊन बोलाव, तो बोलला नाही तरी पुन्हा विचार’ इतकं शिकवलं तरी स्वमग्न (ऑटिस्टिक) किंवा एकलकोंड्या मुलांचं खेळणं वाढतं. ताईंनी चार पावलं लांब बसून त्या सोबत्यांना मधूनच आठवण करून द्यायची. आणि स्वमग्न मुलाने डोळ्यांत बघून बोलावं असा हट्ट कुणीच धरू नये. डोळ्याला डोळा भिडवणं अनेकांना खरोखर त्रासाचं होतं. न बघता तो चेंडू परत देत असेल तर त्याने रीत पाळलेलीच आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात अंघोळ, नखं, केस, पंगतीत बसणं हे सगळं शिक्षणच मानलं होतं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथेच रुजली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. त्या अंगणवाडीत मदतनीस ताईंच्या कामांत मुलांना घरून आणणं, झाडलोट, आहार शिजवणं आणि वाढणं ही कामं येतात. याच कामांच्या मधल्या फटींत त्या दिवसभर मुलांना बोलायला, थांबायला, वाटून घ्यायला शिकवत असतात, पण त्यांना कुणी तसं सांगितलेलं नसतं.

सुरुवात फार खर्चाची नाही. आठवड्यातून एकदा, मुलं गेल्यावर, बाई आणि मावशींनी अर्धा तास बरोबर बसावं. या आठवड्यात कुठे जास्त भांडणं झाली, नळापाशी की झोपाळ्यापाशी, हे मावशींनी सांगावं; ते त्यांनाच सगळ्यात चांगलं माहीत असतं. त्यातलं एकच कौशल्य पुढच्या आठवड्यासाठी निवडावं, दोघींनी ते एकमेकींसमोर करून बघावं आणि सोमवारी मुलांना दाखवावं. तो अर्धा तास मावशींच्या कामाच्या वेळेत धरलेला असावा आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत.