पार्श्वभूमी : पेशीपटलावरचे तराफे

पवईत रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी, न्यू यॉर्कमध्ये एका परजीवीवर पीएच.डी., त्याच शहरात आणखी काही वर्षं सूक्ष्मदर्शकापाशी, मग १९९०च्या दशकाच्या मध्यापासून बंगळूर. सत्यजित मेयर या जीवभौतिकशास्त्रज्ञाची कारकीर्द अशी एका दमात सांगून होते. पण त्यांनी इतकी वर्षं नेमकं केलं काय, हे सांगायला बसलं की एक शब्द आडवा येतो : राफ्ट. मराठीत तराफा. जिवंत पेशीच्या पटलावर, म्हणजे तिच्या बाहेरच्या वेष्टनावर, मेदरेणूंचे आणि प्रथिनांचे असे तराफे तरंगतात की नाही, यावर गेली पंचवीस-तीस वर्षं भांडण चालू आहे. त्यांचं काम कळायचं तर आधी हे भांडण कळायला हवं.

पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचे दोन थर, हे १९२५ साली नेदरलँड्समध्ये लायडनला ठरलं. तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरवला, तर त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. गंमत म्हणजे मेद पुरता निघालाच नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन चुकांची फिटंफाट झाली आणि उत्तर बरोबर आलं. पुढे १९७० मध्ये बाल्टिमोरला उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळवली, तेव्हा दोघींची प्रथिनं चाळीस मिनिटांत पृष्ठभागभर एकमेकांत पसरली. म्हणजे पटल पातळ आहे, वाहतं आहे. दोन वर्षांनी आलेलं ‘फ्लुइड मोझेक’ प्रारूप अकरावीच्या पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

खरा गुंता पुढचा आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशीला दोन तोंडं असतात, एक पोकळीकडे आणि एक रक्ताकडे, आणि दोन्हीकडचे मेदरेणू वेगळे. हे निवडून कोण पाठवतं? हायडेलबर्गच्या एका गटानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस कल्पना मांडली, की स्फिंगोलिपिड नावाचे मेदरेणू पेशीच्या आतच आपसांत गोळा होतात आणि काही प्रथिनांना सोबत घेऊन निघतात. कल्पना सुबक होती, पण पुरावा हवा होता. तो १९९२ मध्ये अमेरिकेतून आला, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

प्रयोग असा. पेशी बर्फात ठेवून ४ अंश सेल्सिअसला ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट, म्हणजे मेद विरघळवणारा साबणासारखा पदार्थ, घालायचा. ते मिश्रण साखरेच्या घट्ट द्रावणात कालवून नळीच्या तळाशी ठेवायचं, त्यावर पातळ द्रावणांचे थर अलगद चढवायचे आणि नळी रात्रभर अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. सकाळी नळी उजेडात धरली की मधल्या उंचीवर एक पांढुरका, ढगाळ पट्टा दिसतो. विरघळलेलं सगळं खाली राहिलेलं असतं. पट्ट्यात कोलेस्टेरॉल, स्फिंगोलिपिडं आणि काही ठरावीक प्रथिनं सापडतात. त्यांत ठळक असतात ती फक्त मेदाच्या नांगरानं, म्हणजे जीपीआय नांगरानं, पटलाच्या बाहेरच्या बाजूला अडकलेली प्रथिनं. १९९७च्या एका गाजलेल्या लेखानं या सगळ्याला ‘राफ्ट’ हे नाव रूढ करून दिलं. पुढची दहा वर्षं हा पट्टा म्हणजेच तराफा असं धरून शोधनिबंधांचा नुसता पाऊस पडला. एखादं प्रथिन पट्ट्यात आलं की ते ‘राफ्टमधलं’ ठरायचं.

रात्री रश्श्याचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं, तर सकाळी वर तेलाचा गोठलेला थर मिळतो. कालच्या उकळत्या रश्श्यात तो थर तसाच तरंगत होता, असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र तेच म्हटलं जात होतं. तोच डिटर्जंट शरीराच्या तापमानाला, ३७ अंशांवर, घातला तर त्यातलं बरंच काही विरघळून जातं. दुसरी लोकप्रिय चाचणी होती पटलातलं कोलेस्टेरॉल काढून घ्यायची. काढल्यावर एखादी क्रिया थांबली, की ती तराफ्यावर चालत होती असा निष्कर्ष. पण कोलेस्टेरॉल गेलं की पटलाखालच्या सांगाड्यापासून सगळंच बिघडतं. खांब काढल्यावर घर कोसळलं, म्हणून चूल त्या खांबातच होती म्हणण्यातला हा प्रकार.

आता आपल्या शास्त्रज्ञांकडे. त्यांची पीएच.डी. होती आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीवर. हा परजीवी आपल्या अंगावर प्रथिनांचा दाट कोट चढवतो आणि त्या कोटाचा प्रत्येक धागा जीपीआय नांगरानंच टाचलेला असतो. तो नांगर पेशी कशी घडवते, हा अभ्यासाचा विषय. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तीच प्रथिनं पाहताना १९९४ मध्ये एक अडचणीचं सत्य हाती आलं. ही प्रथिनं पटलावरच्या बारीक खड्ड्यांत गोळा होऊन बसतात असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात, ती दिसावीत म्हणून लावलेली प्रतिपिंडंच त्यांना ओढून तिथे नेत होती. प्रतिपिंडाला दोन हात असतात, ते दोन प्रथिनं पकडतं, त्यावर दुसरं प्रतिपिंड चढवलं की जाळंच तयार होतं. जाळं न विणता पाहिलं, तर प्रथिनं पसरलेली. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की डिटर्जंटसुद्धा या प्रथिनांची जागा बदलतो.

म्हणून बंगळुरात आल्यावर त्यांनी हात न लावता पाहायचा मार्ग धरला. फॉलिक ॲसिड पकडणारं एक जीपीआय प्रथिन घेतलं आणि त्याला फॉलिक ॲसिडचाच चमकणारा अवतार चिकटवला. एकाला एक, जाळं नाही. मग त्यावर एकाच दिशेत कंप पावणारा, ध्रुवित प्रकाश टाकला. एकटा रेणू बराचसा त्याच दिशेचा प्रकाश परत देतो. शेजारी पाचेक नॅनोमीटरवर दुसरा तसाच रेणू असेल, तर ऊर्जा त्याच्याकडे उडी मारते आणि दिशेचं भान हरपतं. म्हणजे ध्रुवण किती कमी झालं, हे मोजलं की शेजार कळतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला दोनशे नॅनोमीटरखालचं वेगळं दिसत नाही. ही युक्ती त्या मर्यादेच्या खूप आत शिरते.

यातला कळीचा मुद्दा घनतेचा. बाजाराच्या गर्दीत खांद्याला खांदा लागतो तो गर्दीमुळे. पण रिकाम्या मैदानावरही तिघे-चौघे चिकटून उभे दिसले, तर ते एकमेकांच्या ओळखीचे असणार. काही पेशींवर प्रथिनं दाट होती, काहींवर विरळ. शेजाराचं माप मात्र तेवढंच राहिलं. १९९८ मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि घोळक्याचं माप सत्तर नॅनोमीटरच्या आत आहे असं सांगितलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका गटानं दोन वेगळ्या रंगांचे रेणू वापरून जवळपास हाच प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं, घोळके-बिळके काही नाहीत. याचा उलगडा २००४ मध्ये झाला. घोळका फार तर चार रेणूंचा असतो आणि त्यात एकूण रेणूंपैकी फक्त २० ते ४० टक्के असतात, बाकीचे सुटे. इतकी बारीक गोष्ट दोन रंगांच्या चाचणीतून सहज निसटते.

२००६ मध्ये कोलोरॅडोत भरलेल्या एका परिषदेत व्याख्या ठरवली गेली : १० ते २०० नॅनोमीटरचे, सतत बदलणारे, कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोलिपिडांनी समृद्ध भाग. ‘लिपिड राफ्ट’मधला लिपिड वगळून ‘मेम्ब्रेन राफ्ट’ म्हणावं असंही ठरलं, कारण प्रथिनांचाही हात असतो. तडजोड म्हणून ठीक. पण दहा आणि दोनशे यांत वीस पटींचा फरक आहे, आणि चार रेणूंचा घोळका तर या मापालाही अपुराच पडतो. ज्या निरीक्षणाला तराफ्यांचा पुरावा म्हणून मिरवलं गेलं, तेच व्याख्येबाहेर राहिलं. तराफा हा शब्दच मुळात दिशाभूल करणारा. तराफा म्हटलं की ओंडके बांधलेले, पाण्यावर आपोआप तरंगणारे, वाहत जाणारे असं डोळ्यांसमोर येतं. इथे ना ओंडके आहेत, ना आपोआप काही आहे.

‘आपोआप’ नाही, हे दाखवणं हाच त्यांच्या नंतरच्या कामाचा गाभा. घोळके आपसूक जमत असते, तर रेणू दाट झाल्यावर घोळक्यांचा वाटा वाढायला हवा होता. तो वाढत नाही, हे १९९८च्याच आकड्यांत दडलेलं होतं. त्याच शहरातल्या एका सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञाबरोबर २००८ आणि २०१२ च्या निबंधांतून चित्र उभं राहिलं, की पटलाखालच्या सांगाड्यातले ॲक्टिन या प्रथिनाचे आखूड धागे मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाच्या ओढीनं चांदणीसारखे जमतात आणि रेणूंना ओढून एकत्र आणतात. पेशी यासाठी ऊर्जा खर्च करते. ती यंत्रणा बंद पाडली की घोळके मोडतात. पण धागे आत आणि प्रथिन बाहेर, मग पकड कशी बसते? २०१५ मध्ये उत्तर मिळालं. बाहेरच्या थरातली लांब शेपटी आतल्या थरातल्या फॉस्फॅटिडिलसेरीन या मेदरेणूच्या लांब शेपटीत गुंतते. २०१९ मध्ये दिसलं की हे घोळके नसतील, तर पेशीला पृष्ठभागावर नीट पाय रोवून पसरता येत नाही. मधल्या काळात, २००२च्या सुमारास, ही प्रथिनं क्लॅथ्रिन या नेहमीच्या मदतनीस प्रथिनाचा आधार न घेता पेशीत शिरतात तो मार्गही याच प्रयोगशाळेनं उलगडला होता. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

बाहेरही साधनं बदलत होती. जपानमध्ये सेकंदाला चाळीस हजार चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं दाखवलं की मेदरेणू मोकळा वाहत नाही. कुंपणाच्या एका कप्प्यात रेंगाळतो, मग पुढच्यात उडी मारतो. कुंपण अर्थात पटलाखालच्या ॲक्टिनचं. २००९ मध्ये गटिंगनला नव्या सूक्ष्मदर्शकानं स्फिंगोलिपिडं वीस नॅनोमीटरहून लहान जागेत दहा-वीस मिलिसेकंद अडकताना पाहिली. म्हणजे तराफा असलाच, तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन गेलेला असतो.

२०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं मेयर यांनी एनसीबीएस ही बंगळूरची जीवशास्त्र संस्था चालवली, नंतर इंग्लंडला गेले. दरम्यान पेशीच्या आतल्या द्रवथेंबांवर, म्हणजे पटलाशिवाय गोळा होणाऱ्या रेणूंच्या थेंबांवर, तसंच भांडण पेटलं आहे. तिथे डिटर्जंटच्या जागी हेक्झेनडायॉल नावाचं अल्कोहोल आहे. ते घातल्यावर विरघळलं तर थेंब, नाही विरघळलं तर दुसरं काहीतरी.